दामाजीचं कोठार आणि रेशनचा अंगठा: श्रद्धेनं हक्काच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पूर्वभागातली (मूळ धागा)

सोलापुरात कुणी उपाशी झोपत नाही, असं आपण अभिमानानं म्हणतो. अक्कलकोटला स्वामींच्या अन्नछत्रात रोज हजारो लोक जेवतात. गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या नावानं ठिकठिकाणी पंगती उठतात, रमजानमध्ये अनोळखी माणसालाही हाताला धरून इफ्तारला बसवतात, भीमजयंतीला चौकाचौकात अन्नदान असतं. यातलं काहीही मला कमी लेखायचं नाही. मी स्वतः पंगतीत वाढते आणि वाढत राहीन.

पण एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. जी माणसं देवाच्या नावानं इतकं वाढतात, ती सरकारी दुकानातून परत पाठवलेल्या बाईच्या शेजारी का उभी राहत नाहीत?

आमच्या गल्लीतल्या एका अक्कांचं उदाहरण सांगते. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड नखानं दुमडायचं. हजार विड्या झाल्या की हजार वेळा तेच बोट, तोच अंगठा. अंगठ्यावरच्या रेषा आता जवळजवळ गेल्याच आहेत, कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला, पदराला पुसून पुन्हा ठेवला, मग दुसऱ्या हाताची बोटं. यंत्रानं काही ओळखलं नाही. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. रांगेतलं कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "अक्का, मठात रोज जेवण असतंय की, तिथं जावा."

अक्का म्हणाल्या, "मठात मी दर्शनाला जाते, तेव्हा जेवते. माझ्या नावावरचं धान्य इथं आलंय. ते इथंच पाहिजे."

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला ३५ किलो, असा हक्क लिहून दिला आहे. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. 'फुकट' म्हटल्यामुळे देणाऱ्यालाही ती मेहरबानी वाटायला लागते आणि घेणाऱ्यालाही. देव-धर्म मानणाऱ्या माणसांनी नेमकं इथं बोलायला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. भुकेल्याला वाढणं हे पुण्य असेल, तर त्याचं कायद्यानं ठरलेलं धान्य अडलं असताना गप्प बसणं काय आहे?

आपापल्या परंपरेत याला काय आधार आहे ते लिहा. आणि सोलापुरात प्रत्यक्ष काय करता येईल तेही लिहा. "सगळे धर्म चांगलंच सांगतात" एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

मंगळवेढ्याची_ज्वारी

ताई, आमच्या गावचं उदाहरण इथं यायलाच पाहिजे. दामाजीपंतांना आपण दानशूर म्हणतो, पण त्यांनी वाटलं ते धान्य त्यांच्या घरचं नव्हतं. ते बिदरच्या बादशहाचे अधिकारी होते आणि कोठार सरकारी होतं. पंधराव्या शतकातल्या त्या दुष्काळात त्यांनी हुकमाची वाट न बघता कोठार उघडलं. पुढं विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन पैसे भरले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मते त्या कथेचा गाभा चमत्कारात नाही. सरकारी कोठार भुकेल्यासाठीच आहे आणि त्यावर बसलेल्या अधिकाऱ्यानं तसं वागलं पाहिजे, एवढं आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी मनात धरून ठेवलं होतं, हा गाभा.

आणि मंगळवेढ्याचंच दुसरं नाव चोखोबांचं. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. ही १३३८ ची गोष्ट. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात नेल्या. समाधी महाद्वारापाशी आहे, आत नाही. जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही ते नाहीच. भिंतीखाली मेलेल्या मजुराला आपण संत मानलं, आणि आज बांधकामावरच्या मजुराच्या डोक्यावर सुरक्षेची टोपी आहे का, त्याची कामगार कल्याण मंडळाकडं नोंदणी झाली आहे का, हे दिंडीतलं कुणी विचारत नाही. १९९६ मध्ये कायदा झाला, तेव्हापासून बांधकाम खर्चावर उपकर घेतात, तो याच माणसांसाठी. मी वारकरी आहे, माळ घातलेली आहे, म्हणून जास्त बोचतं.

बाळीवेसकर

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. धोरणात धर्माला आणू नये. आज तुम्ही चांगल्या कामासाठी आणाल, उद्या दुसरा कोणी वाईट कामासाठी आणेल आणि तेव्हा त्याला अडवायला तुमच्याकडे शब्द उरणार नाही.

संविधान सभेत यावर चर्चा झालेली आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावानं' करावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान झालं. बाजूनं ४१, विरोधात ६८. सभागृहात नास्तिकच बसले होते म्हणून ती पडली नाही. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसंही होती आणि त्यांना श्रद्धा कुणावर लादायची नव्हती. ज्याला देव मान्य नाही त्याचाही हक्क तेवढाच पक्का राहिला पाहिजे. अक्कांचं धान्य त्या अक्का आहेत म्हणून मिळायला हवं. त्यात दामाजी, विठ्ठल, कुराण, बायबल कशाला?

विद्यापीठ_रोड

बाळीवेसकर काका, हाच वाद संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या वेळी झाला होता. मी सध्या हाच विषय शिकते आहे. पहिल्या कलमात माणसाला हक्क देवानं दिले की निसर्गानं, हे लिहायचं का, यावर बराच खल झाला. मसुदा समितीत लेबनॉनचे शार्ल मलिक ख्रिस्ती तत्त्वज्ञानातून आलेले, चीनचे पी. सी. चांग कन्फ्यूशियसच्या परंपरेतले. शेवटी दोन्ही शब्द वगळले आणि ज्याला जो आधार वाटतो तो त्यानं धरावा अशी जागा मोकळी ठेवली. भारताच्या हंसा मेहता मानवी हक्क आयोगावर होत्या. 'सगळे पुरुष' असं ज्यातून वाचलं जाईल ते बदलून 'सगळी माणसं' करायला त्यांनी लावलं. १० डिसेंबरला ४८ देशांनी बाजूनं मत दिलं, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ.

म्हणजे मजकुरात धर्म नाही, पण तो मान्य करणाऱ्यांच्या मनात आपापली श्रद्धा होतीच. मला दोन्ही पटतं. कायद्याची भाषा सगळ्यांची असावी. पण तो कायदा राबवायला रस्त्यावर उतरायचं बळ माणसाला कुठून येतं, ते त्याच्या घरातून, त्याच्या देवळातून, विहारातून येतं. ते बळ बाजूला ठेवा म्हटलं तर माणसं घरीच बसतात.

बहात्तर_बघितलेला

मी ७२ च्या दुष्काळात पोरगा होतो. आई-वडील दोघंही खडी फोडायला जात. मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली आहे. कामावर सुकडी हा पौष्टिक खाऊ मिळायचा, तो आई स्वतः न खाता पदरात बांधून आणायची.

त्या काळात गावातल्या मारुतीच्या देवळात कुणी कुणी ज्वारी आणून ठेवत. दोन-चार आठवडे पुरली. नंतर देणाऱ्याच्याच घरात काही उरलं नाही, तो तरी कुठून देणार? दान दात्याच्या कणगीएवढंच असतं, हे मी तेव्हा बघितलं. पुढं महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. १९७७ ला मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम, आणि ते नाही दिलं तर भत्ता. वि. स. पागे यांची ती कल्पना. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून पैसा उभा केला. वडील एवढंच म्हणायचे की आता काम मागताना मान खाली घालावी लागत नाही.

तेव्हा ताई, अन्नदान चालू ठेवा. पण ज्याला कायद्यानं मिळायचंय त्याला पंगतीकडं ढकलू नका.

बुधवार_पेठ

सर्वांना जय भीम.

इथं संतांची नावं भरपूर आली, आता जरा हिशेबही येऊ द्या. चोखोबांपासून सहाशे वर्षं पंढरपूरचं दार आमच्यासाठी बंद होतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा ते उघडलं. गुरुजींबद्दल आदर आहे. पण एका भल्या माणसाला जीव पणाला लावावा लागला, याचा अर्थ दार उघडणं तोवर कुणाच्या तरी मनावर होतं. संविधानाच्या अस्पृश्यता संपवणाऱ्या १७ व्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या २५ व्या कलमानं ते मनावरून काढून घेतलं. २५ वं कलम नीट वाचा. धर्माचं स्वातंत्र्य दिलंय, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि बाकीच्या मूलभूत हक्कांच्या अधीन राहून. पुढं पंढरपूरच्या मंदिरातले पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. त्याविरुद्धचा बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१४ मध्ये फेटाळला, तेव्हा कुठं तो विषय संपला. एवढा वेळ लागतो.

सोलापूरचं म्हणाल तर बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये आपल्या शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. सभा स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या लोकांना जेवण घालणारे त्याआधीही भेटले असतील. वसतिगृहानं शिकायची जागा दिली, आणि शिकलेला माणूस हक्क मागतो.

तरी बाळीवेसकरांशी मी पूर्ण सहमत नाही. बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नाहीत, माझ्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. कायदा लिहिणाऱ्या माणसाला धम्माची गरज वाटली. नुसत्या कायद्यानं शेजारी बसलेल्या माणसाबद्दल मैत्री वाटत नाही, म्हणून वाटली. माझी कसोटी साधी आहे. तुमची श्रद्धा समोरच्याला बरोबरीचा मानते का? मानत असेल तर या, मोर्चात बरोबर चालू.

विजापूर_वेस

पूर्वभागातली ताई, आमच्याकडचा आधार सांगतो. कुराणात सत्तराव्या अध्यायात नमाज पढणाऱ्यांचं वर्णन करताना म्हटलंय की त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. तिथं हक्क हाच शब्द आहे. म्हणून जकात, म्हणजे आमच्यातलं नेमानं द्यायचं दान, देताना आपण उपकार केला असं मनात आणायचं नाही. ते त्याचंच होतं, आपल्याकडं थांबलं होतं. शिलकीच्या अडीच टक्के.

आता खरं बोलतो. हे आम्ही रमजानमध्ये ऐकतो आणि आपापली पाकिटं वाटून मोकळे होतो. घरकाम करणाऱ्या बाईला रमजानमध्ये जकात देणारा माणूस तिची सुट्टीची मजुरी कापतो, हे मी बघितलंय. त्याला वाटतं हिशेब पूर्ण झाला. माझ्या मते मजुरी आधी आणि जकात नंतर. घाम सुकायच्या आत मजुराला त्याचं द्या, असं पैगंबरसाहेबांचं सांगणं आहेच.

आमच्या मोहल्ल्यातल्या काही पोरांनी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या बाहेर टेबल टाकून रेशन कार्डातली नावं, वगळलेली मुलं, आधारची दुरुस्ती असले अर्ज भरून द्यायला सुरुवात केली आहे. कुणाचाही धर्म विचारत नाहीत, मागच्या वेळी पलीकडच्या गल्लीतल्या मावश्याही आल्या होत्या. अन्नदानापेक्षा याला गर्दी कमी असते, फोटोही कुणी काढत नाही. पण काम होतंय.

बाळीवेसकर

विजापूर वेस भाई, तुमचं टेबल मला मनापासून आवडलं. त्यात धर्माचा शिक्का नाही, म्हणूनच आवडलं.

सेटलमेंटचा_नातू

मी जे लिहितोय ते काहींना कडू लागेल. पण हा विषय निघालाच आहे तर सेटलमेंट वसाहतीला वगळून सोलापूरची चर्चा पुरी होत नाही.

आमचे पणजोबा-आजोबा तारेच्या कुंपणाच्या आत राहिले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, भामटा अशा जमातींत जन्म झाला म्हणजे गुन्हेगार. रोजची हजेरी. बाहेर जायचं तर पास. काम मिलमध्ये, झोपायला कुंपणात. आणि देशभर अशा वसाहती चालवायला सरकारनं कितीतरी ठिकाणी साल्व्हेशन आर्मीसारख्या मिशनरी संस्थांना दिल्या होत्या. त्या लोकांना मनापासून वाटायचं की आपण यांना सुधारतोय. शाळा काढल्या, औषधं दिली, प्रार्थना शिकवल्या. माझी आजी त्या शाळेतल्या बाईंची आठवण प्रेमानं काढायची, ते मी नाकारत नाही. पण संध्याकाळी हजेरीला उशीर झाला की शिक्षा होती, तेही तीच आजी सांगायची.

दयेला हक्काची जोड नसली की ती कुंपणाच्या आतही आरामात राहू शकते, हे आमच्या घरानं भोगलंय. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला, आम्ही त्याला मुक्तिदिन म्हणतो. आज विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातींना राज्यात ३ टक्के आरक्षण आहे, भटक्या जमातींचे तीन गट मिळून ८. पण पोलिसांच्या मनातला शिक्का आणि दाखल्यासाठीची वणवण अजून आहे.

आणि फक्त बाहेरच्यांना दोष देऊन भागणार नाही. आमच्या जातपंचायतींनीही देवाची शपथ घालून बायकांवर अन्याय केले, माणसं वाळीत टाकली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं २०१६ मध्ये केला, २०१७ पासून लागू झाला. पंचांनी देवाचा दिवा लावून दिलेला निकाल आता न्यायालयात टिकत नाही. मला याचा आनंद आहे.

रंगभवन

सेटलमेंटच्या दादांचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. मी चर्चचा सभासद आहे, चार पिढ्यांपासून. आमच्या बायबलमध्ये लेवीय पुस्तकात आज्ञा आहे की शेत कापताना कडेचं कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परदेशी माणसासाठी आहेत. आपल्याकडं सरवा वेचतात तसंच. मालकानं तिथं उभं राहून वाटायचं नाही, गरिबानं स्वतः येऊन घ्यायचं, आणि त्याला कुणी हटकायचं नाही. ही आज्ञा शिकवणाऱ्यांनी माणसांना हजेरी लावायला लावली, हे मान्य करायलाच पाहिजे. आम्ही चर्चमध्ये शाळा-दवाखान्यांच्या इतिहासाचा अभिमान सांगतो, तिथं हेही सांगावं लागेल.

दुसरा मुद्दा धोरणाचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं दर्जा धर्माशी जोडू नये असं सुचवलं. प्रार्थना बदलली म्हणून विहिरीवरची वागणूक बदलत नाही. हा प्रश्न न्यायाचा आहे, कुणाच्या धर्माची संख्या वाढण्या-घटण्याचा नाही, असं मला वाटतं.

बुधवार_पेठ

रंगभवन, या मुद्द्यावर आमच्यातही दोन मतं आहेत, कारण आरक्षणातला वाटा मर्यादित आहे आणि आधीच अपुरा आहे. त्याच्यावर वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू. १९९० पर्यंत बौद्धांनी काय सोसलं ते आम्हाला माहीत आहे, म्हणून तुमचं दुःख परकं वाटत नाही.

करमाळेकर

गावाकडचं एक सांगते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीत कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. ही कल्पना घेऊन फिरणारी संस्था आपल्या करमाळ्याची. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवा म्हणून परिपत्रक काढलं.

पण ठराव कागदावर आणि बांगड्या हातावर. माझ्या चुलत जावेच्या वेळी गावात ठराव झालेला होता. तरी दोन म्हाताऱ्या पुढं झाल्याच. तेव्हा भजनी मंडळातले एक माळकरी आजोबा उठले आणि म्हणाले, "माझ्या पांडुरंगाला हे चालत नाही. कुणी हात लावायचा नाही." म्हाताऱ्या थांबल्या. सरपंचाचं त्यांनी ऐकलं नसतं. बाळीवेसकर काका, ठरावानं आजोबांना उठायचं कारण दिलं आणि आजोबांनी ठरावाला जीव दिला. तुम्ही म्हणता तसं दोन्ही वेगळं ठेवलं असतं तर तिच्या बांगड्या फुटल्या असत्या.

बाळीवेसकर

करमाळेकर ताई, हे ऐकून मी मत थोडं बारीक करून मांडतो. कायदा करताना धर्म बाजूला. कायदा माणसापर्यंत पोचवताना ज्याच्या शब्दाला वजन आहे त्यानं बोलावं, मग तो माळकरी असो, मौलवी असो की शाळेतला मास्तर. पण ज्या गावात आजोबा नसतील, किंवा आजोबाच बांगड्या फोडा म्हणतील, तिथंही त्या बाईला कायदा मिळालाच पाहिजे. यावर मी ठाम आहे.

शरण_सोलापूरकर

आमच्या लिंगायत परंपरेतून थोडं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. परंपरा सांगते की शरण संत अल्लमप्रभू सोलापुरात आले तेव्हा ही कामं बघून त्यांनी कौतुक केलं नाही. उलट कडक शब्दांत विचारलं, एवढे दगड लावलेस, आत काय बदललं? नंतर सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला गेले, शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या सोबत्यांच्या, अनुभव मंटप या सभेत बसले. तिथं चांभार, धोबी, नावाडी, राजाचा मंत्री एका पातळीवर बसत. त्याच कल्याणात हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं. चांभाराघरचा मुलगा आणि ब्राह्मणाघरची मुलगी. त्यासाठी दोन्ही बापांना जीव द्यावा लागला.

दासोह म्हणजे वाढणाऱ्यानं स्वतःला दास समजून वाढायचं. वाढणारा मोठा आणि घेणारा लहान असं झालं की तो दासोह राहत नाही. त्या विडीवाल्या अक्कांना दुकानातून परत पाठवताना जे झालं ते याच्या नेमकं उलट.

निवृत्त_पुरवठा

चर्चा चांगली चालली आहे, पण त्या अक्कांना धान्य मिळालं का? माझी नोकरी याच खात्यात गेली, म्हणून काही कामाचं लिहितो.

अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारनं २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे की आधारची पडताळणी झाली नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाला परत पाठवू नये. बुबुळाची पडताळणी किंवा मोबाइलवरचा ओटीपी बघावा, तेही नाही जमलं तर कार्ड बघून, वहीत नोंद करून धान्य द्यावं. दुकानदार 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला तर त्याला शांतपणे सांगा की नाकारल्याचं कारण लिहून द्या. बहुतेक वेळा इथंच धान्य मिळतं.

नाही मिळालं तर अन्नधान्य वितरण कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजतात. कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आठव्या कलमात आहे, ती फारच थोडे लोक मागतात. आणि प्रत्येक दुकानाला दक्षता समिती असते. देवस्थानच्या, मशिदीच्या, विहाराच्या माणसांना खरंच काही करायचं असेल तर या समितीत कोण आहे ते आधी शोधा आणि बैठक होते का ते विचारा. मी नोकरीत असताना वारकरी संप्रदायातले एक गृहस्थ दर महिन्याला दुकानाचा साठा फलक बघायला यायचे. त्या दुकानात तक्रार आलेली मला आठवत नाही.

पूर्वभागातली

काका, नाकारल्याचं कारण लिहून मागायचं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते मराठीत आणि तेलुगूत छापून गल्लीत लावते आहे.

सगळ्यांचं वाचलं. सेटलमेंटच्या दादांचा प्रतिसाद मनातून जात नाही. मी लिहिताना श्रद्धावान माणसं गप्प बसतात एवढीच तक्रार केली होती. पण चांगल्या हेतूनं माणसाला कोंडताही येतं हे त्यात आलं नव्हतं. म्हणून आता पुढच्या प्रत्येक कामाला मी एक अट लावून बघते: ज्याच्यासाठी करतोय तो 'नको' म्हणू शकतो का, 'हे माझं आहे' म्हणू शकतो का. पंगतीत त्याला तसं म्हणता येत नाही, अर्जात येतं. विजापूर वेस भाईंचं टेबल मला म्हणूनच पंगतीपेक्षा मोलाचं वाटतं. मार्कंडेय मंदिराजवळ तसंच एक टेबल टाकता येतं का ते मंडळाच्या लोकांना विचारते आहे.

दादा, तुमच्या दाखल्याच्या वणवणीबद्दल जरा सविस्तर लिहाल का? नेमकं कशावर अडतंय?

सेटलमेंटचा_नातू

ताई, पुराव्यावर अडतंय. विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, की कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि जात काय होती. ज्यांचं शेत नाही, घर नाही, त्यांचा सात-बारा कुठून येणार? जन्माची नोंद नाही. बहुतेकांचा एकच कागद असू शकतो, तो म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरातला आजोबांचा निर्गम (शाळा सोडल्याचा) उतारा. सेटलमेंटच्या शाळांतले जुने खंड कुणाकडं आहेत, कुठल्या कपाटात आहेत, याचा पत्ता लागत नाही. माझ्या भाचीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश यावरच अडलाय.

रंगभवन

दादा, आमच्या जुन्या शाळांची काही रजिस्टरं चर्चच्या ताब्यात आहेत. बांधणी सुटलेली आहे, काही खंडांना वाळवी लागली आहे, पण १९६१ च्या आधीचे खंड मी स्वतः बघितले आहेत. त्यात जातीचा रकाना आहे. सेटलमेंटमधली मुलं त्यात आहेत का ते पानं उलटल्याशिवाय कळणार नाही. रविवारी भक्तीनंतर पाळकसाहेबांशी आणि कमिटीशी बोलतो. उतारा मात्र शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानंच चालेल, म्हणून शाळेचं पत्रही लागेल.

निवृत्त_पुरवठा

रंगभवन, पानं उलटायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवा, वाळवी लागलेला कागद हातात तुटतो. आणि मूळ रजिस्टर बाहेर कुणाला देऊ नका. जात पडताळणी समिती मूळ बघायला मागवू शकते.

बुधवार_पेठ

मोडी अक्षर असेल तर सांगा. आमच्याकडं वाचणारे दोघं आहेत, रविवारी दुपारनंतर येतील.

विजापूर_वेस

फोटो काढायला आमची टेबलवाली पोरं येतात. एकाकडं चांगला स्कॅनर आहे. वेळ आणि जागा तेवढी कळवा.

सेटलमेंटचा_नातू

मी आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे जन्मवर्ष लिहून आणतो. वस्तीतल्या आणखी काही घरांचीही यादी करतो. नावं तेव्हा वेगळ्या पद्धतीनं लिहायचे, आडनाव बहुतेकांना नव्हतंच, तेव्हा बापाच्या नावावरून शोधावं लागेल.